‘ढ’ कोणाला म्हणायचं? बलस्थानं, गोष्ट आणि शिक्षकाची तयारी

(वारजे इथे प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

तुमच्यापैकी बरेच जण सकाळची शाळा करून थेट इथे आला आहात. दुपारची वेळ, नुकतंच जेवण झालेलं आणि समोर तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक. तेव्हा कोणाला झोप लागली तर तो माझा दोष समजू, तुमचा नाही.

मला विषय दिलाय तो असा : बलस्थानांवर आधारित शिक्षण आणि वर्गातलं गोष्ट सांगणं, यासाठी शिक्षकांची तयारी कशी करायची. पत्रिका हातात आली तेव्हा वाटलं, हे दोन विषय आहेत आणि संयोजकांनी वेळ वाचवायला एकत्र बांधलेत. विचार करत गेलो तसं लक्षात आलं की विषय एकच आहे. तो एक कसा, एवढंच आज सांगायचं आहे.

‘ढ’ या अक्षराची गोष्ट

आपण ज्या मुलाला येत नाही त्याला ‘ढ’ म्हणतो. ‘ढ’च का? लिपीचे अभ्यासक गमतीने सांगतात की अशोकाच्या काळातल्या ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बाकीची अक्षरं ओळखू येऊ नयेत इतकी बदलली, ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. जो बदलत नाही तो ‘ढ’. ही व्युत्पत्ती खरी असेल किंवा कोणीतरी मागाहून जोडलेली असेल, पण त्या शब्दात आपण काय म्हणतो ते ती बरोबर उघड करते. ‘ढ’ म्हणणं म्हणजे ‘याला आज येत नाही’ असं म्हणणं नाही. ‘याचं कधीच काही होणार नाही’ असं ते भाकीत आहे. शिवी म्हणून सौम्य आणि विधान म्हणून भयंकर! आणि आपण ते सहा-सात वर्षांच्या मुलाबद्दल, हजेरी घेता घेता करून टाकतो.

आता पंचतंत्राची सुरुवात आठवा. त्यातल्या गोष्टी आपल्याला पाठ असतात, पण त्या का सांगितल्या गेल्या हे आपण विसरतो. महिलारोप्य नगराचा राजा अमरशक्ती. त्याला तीन मुलगे, आणि तिघेही पक्के ‘ढ’. त्यांची नावं काय? बहुशक्ती, उग्रशक्ती आणि अनंतशक्ती! तिघांच्याही नावात शक्ती आहे आणि बापाला ती कुठेच दिसत नाही. मग विष्णुशर्मा नावाचा म्हातारा येतो. राजा शंभर गावं इनाम द्यायला निघतो, ती तो नाकारतो आणि सहा महिन्यांची मुदत मागून घेतो. आधी बारा वर्षं व्याकरण, मग शास्त्रं, हा रूढ रस्ता तो सोडून देतो आणि गोष्टी सांगायला बसतो.

आपला आजचा सगळा विषय या एका प्रसंगात आहे. शक्ती आहे, ती दिसत नाही आणि ती दिसावी म्हणून शिक्षक गोष्ट निवडतो.

बलस्थान म्हणजे नेमकं काय?

हा शब्द हल्ली फार स्वस्त झालाय. कोणाचं ‘चित्रकला’ बलस्थान, कोणाचं ‘नाच’. स्नेहसंमेलनात ज्याला टाळ्या मिळतात ते बलस्थान, अशी आपली समजूत. ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली चारित्र्यातल्या बलस्थानांची एक मोठी वर्गवारी प्रसिद्ध केली. त्यात चोवीस बलस्थानं आहेत. कुतूहल, चिकाटी, न्यायबुद्धी, माया, विनोद, क्षमा, कृतज्ञता अशी. बघा, यातलं एकही असं नाही की ज्यासाठी रंगमंच लागतो. ही सगळी नळावर, मधल्या सुट्टीत, घरी धाकट्या भावंडाला सांभाळताना दिसणारी आहेत.

दुसरी गल्लत म्हणजे बलस्थान आणि कौतुक एकच समजणं. कौतुकाला किंमत आहेच. एलिझाबेथ हरलॉक यांनी १९२५ साली केलेला एक जुना प्रयोग आहे. बेरजेची गणितं, मुलांचे चार गट. एका गटाला सर्वांसमोर शाबासकी, दुसऱ्याला सर्वांसमोर बोलणी, तिसरा तिथेच बसून हे सगळं ऐकणारा पण त्याच्याकडे कोणी न बघणारं, आणि चौथा वेगळ्या खोलीत. काही दिवसांत शाबासकीवाला गट सगळ्यांच्या पुढे गेला. बोलणी खाणाऱ्यांनी सुरुवातीला उचल खाल्ली आणि मग ते घसरले. मला अस्वस्थ करतो तो तिसरा गट, ज्याच्याकडे कोणी बघितलंच नाही. तो बोलणी खाणाऱ्यांपेक्षाही मागे पडला. तुमच्या पन्नासच्या वर्गात या तिसऱ्या गटात किती मुलं आहेत, ते ज्याचं त्याने मनात मोजावं.

पण कौतुक कशाचं, हाही प्रश्न आहे. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर काही प्रयोग केले. काहींना म्हटलं, ‘तू हुशार आहेस.’ काहींना म्हटलं, ‘तू मेहनत घेतलीस.’ मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ती कोणालाच जमली नाहीत. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तर ‘हुशार’ म्हटलेली मुलं आधीपेक्षा मागे पडली. आपले गुण सांगताना खोटं बोलणारीही त्यांच्यातच जास्त निघाली. म्हणजे ‘हुशार’ हाही शेवटी शिक्काच. ‘ढ’चा शिक्का खाली दाबतो, ‘हुशार’चा शिक्का सारखा सांभाळत बसावा लागतो. दोन्हींत मूल अडकतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की बलस्थान विशेषणात सापडत नाही, ते प्रसंगात सापडतं. ‘ही मुलगी समजूतदार आहे’ या वाक्याने मला काहीच कळत नाही. ‘नळावर भांडण लागलं तेव्हा हिने असं असं केलं’ म्हटलं की कळतं. आणि प्रसंग सांगायचा म्हणजे काय करायचं? गोष्टच सांगायची!

दिसत नाही म्हणजे नाही, असं नव्हे

इथे थोडं माझ्या घरच्या अंगणात शिरतो, म्हणजे तत्त्वज्ञानात. आपल्याकडे मीमांसकांनी ‘शक्ती’वर बराच वाद घातला आहे. ते म्हणतात, शक्ती डोळ्यांना दिसत नाही, ती कार्यावरून ओळखायची. त्यांचं उदाहरण फार नामी आहे. विस्तव आहे, तो जाळतो. त्याच्याजवळ एक विशिष्ट मणी ठेवला की विस्तव तोच, तसाच लाल, पण जाळत नाही. मणी काढला की पुन्हा जाळतो. म्हणजे विस्तव आणि त्याची जाळण्याची शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मण्याने शक्ती अडवली होती. त्यावर नैयायिक म्हणतात, वेगळी शक्ती कशाला मानता? अडथळा नसणं हेही कारणांपैकीच एक कारण समजा, म्हणजे झालं.

वाद कोणी जिंकला ते आज सोडून देऊ. शिक्षकाच्या कामाची गोष्ट अशी की एका बाबतीत दोघांचंही एकमत आहे. कार्य दिसलं नाही तर ‘शक्ती नाही’ असा निकाल देण्याआधी, कोणता मणी आड आलाय ते बघा. मुलाला ऐकू कमी येतं का? फळा दिसतो का? घरची भाषा कन्नड किंवा हिंदी आणि पुस्तकाची मराठी, असं आहे का? सकाळी पोटात काही गेलंय का? आणि कधीकधी, हे जरा कडू आहे, तो मणी म्हणजे आपण स्वतः असतो.

हे मी अनुभवाने बोलतोय. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो. एकदा भारतीय अनुमानाचे पाच अवयव चालू होते : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. मी एका मुलाला हेत्वाभास विचारला. दोनदा नापास झालेला मुलगा होता. तो उभा राहिला आणि वडिलांच्या भाजीच्या गाडीवरचा एक किस्सा सांगू लागला. गिऱ्हाईक म्हणतं, भाव जास्त आहे म्हणजे माल चांगला असणार. वर्ग हसला. मी म्हणालो, “गोष्टी नकोत, व्याख्या सांग.” तो खाली बसला. त्या वर्षी पुन्हा कधी तो उभा राहिला नाही आणि पुढच्या वर्षी आलाच नाही. त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

बऱ्याच वर्षांनी, एका रात्री टिपणं काढताना लक्षात आलं की त्याने सांगितलेला हेत्वाभास अगदी बरोबर होता. भाव जास्त असण्याची पन्नास कारणं असतात. आणि मी शिकवत काय होतो? उदाहरणाशिवाय अनुमान पुरं होत नाही असं मानणारं शास्त्र! ॲरिस्टॉटलच्या तीन वाक्यांच्या अनुमानात उदाहरणाला जागा नाही, आपल्या न्यायात ती आहे, हे मी अभिमानाने सांगत होतो आणि उदाहरण देणाऱ्याला खाली बसवत होतो.

दृष्टांत : जिथे दोघे सारखे

न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत आणि त्यांत ‘दृष्टांत’ हा एक स्वतंत्र पदार्थ आहे. त्याचं लक्षण साधारण असं : ज्या बाबतीत सामान्य माणूस आणि तज्ज्ञ या दोघांची बुद्धी सारखी चालते, तो दृष्टांत. धूर आहे तिथे विस्तव असतो, हे पटवायला स्वयंपाकघराचं उदाहरण का देतात? कारण चुलीवरचा धूर पंडितानेही पाहिलाय आणि स्वयंपाकिणीनेही.

वर्गाच्या दृष्टीने हे लक्षण मला अतिशय मोलाचं वाटतं. पाठ्यपुस्तकाच्या पानावर शिक्षक आणि मूल कधीच सारखे नसतात, एकाला येतं आणि एकाला येत नाही. मुलामुलांतही उतरंड असते. गोष्ट सुरू झाली की जमीन सपाट होते. पुढे काय होणार हे ‘अ’ श्रेणीवाल्यालाही माहीत नसतं आणि ‘ड’ श्रेणीवाल्यालाही. कोल्हा का खोटं बोलला, यावर दोघांचंही मत असू शकतं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ऐकता येतं, ताडता येतं, रुसता येतं, प्रश्न विचारता येतो. मण्याची आडकाठी थोडा वेळ बाजूला होते आणि शक्ती दिसायची शक्यता तयार होते.

मराठीत ही परंपरा भाषेइतकीच जुनी म्हणावी लागेल. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठ’ म्हणून एकत्र केले. एकंदर ११४ दृष्टांत. हत्ती आणि आंधळे आपण तिथलेच ओळखतो. त्याची मांडणी बघण्यासारखी आहे. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांतातून काय घ्यायचं ते. यातलं सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचा आहे. दार्ष्टांतिक केसोबासांचं आहे, म्हणजे शिष्याचं! गोष्ट गुरूने सांगितली आणि तिचा अर्थ शिष्याने लिहिला.

आणि आपण? गोष्ट संपते न संपते तोच आपण फळ्यावर लिहितो, ‘तात्पर्य’, खाली दोन रेघा. मुलाच्या वाटणीचं काम आपणच करून टाकतो आणि मग म्हणतो, मुलं विचार करत नाहीत.

भावनगर, बोर्डी, कोसबाड

‘हे सगळं आदर्श झालं, आमच्या शाळेत कसं जमणार?’ असं तुमच्या मनात आलं असेल. म्हणून प्रत्यक्ष घडलेलं सांगतो.

गिजुभाई बधेका पेशाने वकील. १९२० साली त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केलं. त्यांचं ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक मराठीतही वाचलं जातं. त्यातला शिक्षक चौथीच्या वर्गावर प्रयोग करायला जातो आणि पहिल्याच दिवशी सपशेल आपटतो. त्याने शांततेचा खेळ योजलेला असतो आणि वर्गात गोंधळ माजतो. मग तो गोष्ट सुरू करतो, लांबलचक, दिवसच्या दिवस चालणारी. वर्ग त्याच्या हाती येतो तो गोष्टीमुळे, आणि पुढे गोष्टीतूनच पुस्तकांची ओढ लागते. यात मला आवडतं ते त्याचं आपटणं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात फसलेला तास कोणी दाखवत नाही. गिजुभाई तिथूनच सुरुवात करतात.

त्यांना १९२३ साली येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. त्या राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या, म्हणजे शिक्षक घडवणं हाच त्यांचा व्यवसाय. ती पगाराची, मानाची जागा सोडून त्या लहान मुलांत येऊन बसल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. तिथे त्यांना दिसलं की वस्तीवरची मुलं बालवाडीत येतच नाहीत. ‘यांना शिक्षणाची आवडच नाही’ असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या नाहीत, बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर चालणारा शब्द त्या अंगणातून आला. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं, दगड ही साधनं झाली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरांमागे जायची, म्हणून शाळा गुरांमागे गेली, ती ‘कुरणशाळा’.

याकडे नीट बघा. गुरं राखणारं मूल म्हणजे ‘गैरहजर’ मूल, असं हजेरीपत्रक म्हणतं. ताराबाई-अनुताईंना दिसलं की या मुलाला झाडं, पाखरं, पाण्याचे झरे, वाटा सगळं माहीत आहे आणि शिकवणं तिथून सुरू करता येईल. बलस्थानांवर आधारित शिक्षण हे नाव तेव्हा कोणी वापरत नव्हतं, पण काम तेच होतं.

आणि लांब कशाला जायचं? आपण बसलोय तिथून जवळच हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली एका झोपडीत आश्रम नेला. तिथे पार्वतीबाई आठवले घडल्या. विधवा, पदरात मूल, आणि पंचविशीच्या आसपास अक्षरओळखीला सुरुवात. परीक्षांच्या पट्टीवर त्यांना मोजलं असतं तर काय हाती लागलं असतं? पण माणसांशी बोलणं, न लाजता मदत मागणं आणि चिकाटी ही त्यांची ताकद होती. संस्थेसाठी त्या गावोगाव हिंडल्या. १९१८ साली, इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या आणि संस्थेसाठी मदत मिळवली.

चिमणी, कावळा आणि एक प्रश्न

मध्यंतरी एका शाळेत दुसरीच्या वर्गात मागे बसून तास बघत होतो. बाई चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगत होत्या. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, पाऊस आला, शेणाचं घर वाहून गेलं. सांगत होत्या छान. गोष्ट संपल्यावर एक मुलगा, बांधकामावरच्या वस्तीत राहणारा, हळूच म्हणाला, “बाई, कावळ्यानं परत घर कशाचं बांधलं?” बाई म्हणाल्या, “ते गोष्टीत नाहीये रे.” आणि त्या तात्पर्याकडे वळल्या.

मला माझा भाजीच्या गाडीवाला विद्यार्थी आठवला. तास संपल्यावर मी बाईंशी बोललो. त्या मोकळ्या मनाच्या होत्या. म्हणाल्या, “सर, खरं सांगू का, हा मुलगा वर्गात बोलत नाही. आज बोलला आणि मी त्याला थांबवलं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच प्रश्न अख्ख्या वर्गाला टाकला आणि मग त्यालाच विचारलं. तो सांगू लागला : प्लास्टिकचा कागद वर टाकायचा, वाऱ्याने उडू नये म्हणून कडेने दगड ठेवायचे, पण मधोमध बांबू उंच करायचा, नाहीतर पाणी साचून कागद खाली येतो. दुसरीतलं मूल! उतार, भार, वाऱ्याचा जोर, सगळं त्याला कळत होतं. वाचता मात्र येत नव्हतं, आणि हेही खोटं नाही की त्या दिवसानंतर ते आपोआप यायला लागलं असं झालं नाही. त्यासाठी बाईंना वर्षभर मेहनत घ्यावी लागली. फरक एवढा पडला की त्याच्यासाठी पहिले शब्द त्यांनी त्याच्या घरातले निवडले.

प्रशिक्षणात काय करायचं?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक मुलाच्या वेगळ्या क्षमता ओळखणं हे तत्त्व अगदी सुरुवातीला मांडलंय. गोष्टीवर आधारित अध्यापनाचाही उल्लेख आहे आणि शिक्षकांनी वर्षाला किमान पन्नास तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. ते पन्नास तास नुसती भाषणं ऐकण्यात गेले, माझं हे धरून, तर वाया गेले समजा. माझ्या मते करून बघायच्या गोष्टी या.

पहिली, प्रसंगवही. साधी दोनशे पानी वही. रोज फक्त दोन मुलांबद्दल तीन-तीन ओळी : काय घडलं, मुलाने काय केलं, त्यातून काय झालं. नियम एकच, विशेषण लिहायचं नाही. ‘चांगला’, ‘हुशार’, ‘खोडकर’ बंद. चाळीसचा वर्ग असेल तर वीस दिवसांत प्रत्येक मूल एकदा वहीत येतं. महिनाअखेरीस वही उघडली की ज्यांच्याबद्दल आपल्याला काहीच लिहिता आलं नाही ती नावं समोर येतात. हरलॉकबाईंचा तिसरा गट तोच.

दुसरी, वहीतून पाठाकडे. नळावरची मुलगी घ्या. नळावर रांग मोडली, तेव्हा हिने पाणी पिणाऱ्यांची एक रांग आणि बाटली भरणाऱ्यांची दुसरी केली, पिणारे आधी. हे वर्गीकरण आहे आणि न्यायबुद्धीही आहे. तिला शाब्दिक उदाहरणं जमत नाहीत ना? मग पहिलं शाब्दिक उदाहरण त्या रांगेचंच घाला. बलस्थान हा शिकवण्याचा दरवाजा आहे. नुसतं दाराचं कौतुक करून बाहेर उभं राहायचं नाही, आत जायचं.

तिसरी, गोष्ट पुस्तकाविना सांगणं. शब्द पाठ करू नका. गोष्टीच्या चार-पाच गाठी लक्षात ठेवा, म्हणजे जिथे काहीतरी बदलतं त्या जागा. प्रशिक्षणात जोडीने बसून एकमेकांना सांगा, आधी दहा मिनिटांत, मग तीच तीन मिनिटांत. काय गाळलं आणि काय गाळता आलं नाही, यावरून गोष्टीचा कणा कळतो. कीर्तनकारांकडून शिका. पूर्वरंगात विचार मांडतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात, पण आख्यान रंगात आल्यावर विचार पुन्हा पुन्हा समजावत बसत नाहीत.

चौथी, आणि ही सगळ्यांत अवघड : गोष्ट संपल्यावर गप्प बसणं. मनात दहापर्यंत मोजा. पहिला प्रश्न मुलाकडून येऊ द्या. तो आलाच नाही तर ‘यावरून काय शिकलो?’ विचारू नका. ‘तुम्हाला कुठे थांबावंसं वाटलं?’ असं विचारा. मग मुलांना तीच गोष्ट आपापल्या घरच्या बोलीत सांगू द्या, चित्रात काढू द्या, करून दाखवू द्या.

एक धोका

आता इशारा देतो, कारण चांगल्या कल्पनेतला धोका वेळीच सांगावा लागतो. ‘ज्याचं जे बलस्थान त्याला तेच द्या’ हे वाक्य कानाला गोड लागतं आणि आपल्या समाजात ते सरळ जातीकडे जाऊ शकतं. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शाळांसाठी योजना आणली : अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ घरच्या धंद्याचं शिक्षण. हेतू काहीही असो, लोकांनी विचारलं, म्हणजे चांभाराच्या पोराने चांभारच राहायचं का? प्रचंड विरोध झाला आणि १९५४ साली योजना मागे घ्यावी लागली.

तो वस्तीवरचा मुलगा आठवा. ‘याला बांधकामातलं कळतं, हा उत्तम गवंडी होईल’ असं आपण म्हणालो तर आपण पुन्हा ‘ढ’च म्हणतोय, फक्त गोड आवाजात. त्याचं बलस्थान गवंडीकाम नाही. कारण आणि परिणाम नीट बघण्याची त्याची नजर हे त्याचं बलस्थान आहे. ती नजर त्याला विज्ञानाकडे, गणिताकडे, कुठेही नेऊ शकते. आणि तिथे पोचायला त्याला वाचता यावंच लागेल. बलस्थानाचं नाव घेऊन मुलाला वाचन-गणितातून सूट देणारा शिक्षक त्याच्यावर दया करतो, न्याय करत नाही.

प्रश्नोत्तरांतून

*“सर, अभ्यासक्रम पुरा होत नाही, गोष्टीला वेळ कुठून आणायचा?”*

गोष्ट वेगळा तास म्हणून धरली तर वेळ मिळणारच नाही. इतिहासात गोष्ट आहे, परिसर अभ्यासात आहे, शाब्दिक उदाहरण म्हणजे तर लांबी कमी केलेली गोष्टच. तुम्ही तात्पर्य लिहायला आणि लिहून घ्यायला जो वेळ देता तो आधी मोजा. तिथून सुरुवात होईल.

*“शिक्षकाच्या अपेक्षेने मूल बदलतं, असं संशोधन आहे ना?”*

आहे, पण जपून वापरा. रोझेंथल आणि जेकबसन यांच्या पुस्तकात, १९६८ सालच्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली मुलं ‘ही आता फुलणार’ असं शिक्षकांना सांगितलं होतं. पहिली-दुसरीत फरक दिसला, वरच्या वर्गांत तितका नाही. त्या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली. त्यामुळे नुसती अपेक्षा ठेवली की मूल फुलतं, असं समजू नका. अपेक्षेमुळे आपण जास्त बघतो, जास्त थांबतो, जास्त विचारतो, आणि काम त्या बघण्याने होतं.

*“आमचं बलस्थान कोण बघणार?”* (हशा)

हसू नका, प्रश्न रास्त आहे. ज्या शिक्षकाच्या कामाकडे कोणीच बघत नाही तो मुलांकडे कशाच्या जोरावर बघणार? मुख्याध्यापकांनी महिन्यातून एकदा शिक्षकांबद्दलही प्रसंगवही लिहावी, विशेषणांशिवाय. आणि तोवर एकमेकांची लिहा. प्रशिक्षणाचा पहिला दिवस मी याच कामाला देईन : प्रत्येकाने, लहानपणी कोणी आपल्यात काहीतरी पाहिलं तो एक प्रसंग सांगायचा. ज्यांना असा प्रसंग आठवत नाही, त्यांनी आपल्याला कोणी, कसं थांबवलं ते सांगायचं. मी दुसऱ्या बाजूचा आहे. मी थांबवणारा होतो. भाजीच्या गाडीची ती गोष्ट मी त्या मुलाला पुरी करू दिली नाही, आता ती तुम्हाला सांगतो, एवढंच मला करता येतं. उद्या तुमच्या वर्गात कोणी विचारलं, कावळ्यानं परत घर कशाचं बांधलं, तर एवढं करा, थांबा आणि विचारा, “तुला काय वाटतं?”